जॅम (गणित) ची तयारी तालुक्याच्या गावातून: क्लास नाही, सर एकच, कशी करावी?

पैनगंगा

नमस्कार मंडळी. मी नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या तालुक्यात राहते, बीएस्सी थर्ड इयर, गणित घेऊन. मला जॅम द्यायचीय. जेईई नाही, ती बारावीनंतरची, ही बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सीला जाण्यासाठी असते ती. २०२६ ची परीक्षा आयआयटी मुंबई घेतेय आणि तारीख १५ फेब्रुवारी आहे.

आमच्याकडे गणिताला आम्ही मोजून आठ जण आणि पर्मनंट सर एकच, तेच फर्स्ट, सेकंड, थर्ड तिन्ही वर्षांना शिकवतात शिवाय नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) कामं पण त्यांच्याच गळ्यात, तासिका तत्त्वावर एक मॅडम होत्या त्यांना दुसरीकडे मिळालं म्हणून त्या गेल्या. सर चांगले आहेत पण जॅमचं विचारलं की म्हणतात आधी युनिव्हर्सिटीचं कर. क्लास पुण्याला नाहीतर हैदराबादला, ते घरून परवडणारं नाही. ऑनलाइनवाल्यांचे डेमो बघितले, दिल्लीकडचे आहेत, खूप फास्ट जातात आणि आमच्याकडे संध्याकाळी नेट रडतं.

मला मागच्या वर्षी ८० च्या वर टक्के आहेत, पण जॅमचा जुना पेपर उघडला तर जे चॅप्टर मला पाठ आहेत त्यातलेच प्रश्न मला सुटेनात. असं का होतंय तेच कळत नाहीये. कुणी अशा ठिकाणाहून केलंय का? सुरुवात कुठून करू? घरी बीएड कर म्हणतायत, त्यांना काहीतरी ठोस सांगायला हवं.

रानजाई

रुमाल टाकतेय. माझी बहीण पण याच बोटीत आहे.

वैनतेय

मी गडचिरोली जिल्ह्यातला. तिथूनच बीएस्सी केलं, जॅम देऊन आयआयटीत एमएस्सी केलं, आता पीएचडी चालू आहे. त्यामुळे होतं, हे आधी सांगतो. आता नीट लिहितो, लांबेल.

तू जे लिहिलंयस ना की पाठ असलेल्या चॅप्टरमधले प्रश्न सुटत नाहीत, सगळं तिथंच आहे. क्लास नसणं वगैरे नंतरचं. युनिव्हर्सिटीचा पेपर विचारतो 'अमुक प्रमेय लिहा आणि सिद्ध करा'. जॅम विचारते 'खालीलपैकी काय काय खरं आहे'. पहिल्यासाठी प्रमेय डोक्यात असलं की भागतं. दुसऱ्यासाठी प्रमेयातली एक अट काढली तर ते कुठे मोडतं हे माहीत लागतं, आणि ते आपल्याकडे कुणी शिकवत नाही कारण ते पेपरात येतच नाही.

एक उदाहरण घे. ओपन इंटरव्हल ० ते १, त्यावर डिफरन्शिएबल फंक्शन एफ. चार विधानं आहेत. एक, एफ-डॅश (एफचं डेरिव्हेटिव्ह) बाउंडेड असेल तर एफ युनिफॉर्मली कंटिन्युअस. दोन, एफ युनिफॉर्मली कंटिन्युअस असेल तर एफ-डॅश बाउंडेड. तीन, एफ बाउंडेड असेल तर युनिफॉर्मली कंटिन्युअस. चार, युनिफॉर्मली कंटिन्युअस असेल तर बाउंडेड. कुठली खरी? पुढे वाचायच्या आधी वही काढ आणि कर.

पहिलं खरं, मीन व्हॅल्यू थिअरममधून एका ओळीत येतं. दुसरं खोटं, वर्गमूळ एक्स घे, ० ते १ क्लोज्ड इंटरव्हलवर ते कंटिन्युअस आहे म्हणून युनिफॉर्मली कंटिन्युअस, पण शून्याजवळ डेरिव्हेटिव्ह सुसाट वाढतं. तिसरं खोटं, साइन एक भागिले एक्स. चौथं खरं, कारण इंटरव्हल लहान आहे, बाउंडेड आहे. आता हीच चार विधानं अख्ख्या रिअल लाइनवर विचार. चौथं लगेच खोटं होतं, एफ ऑफ एक्स बरोबर एक्स घेतलं की झालं. नुसता इंटरव्हल बदलला आणि उत्तर बदललं. जॅमचा पेपर असाच बनवतात.

म्हणून माझं म्हणणं असं की तुझं बीएस्सीचं पुस्तक टाकून नवीन काही सुरू करू नकोस. तेच पुस्तक परत वाच, पण प्रत्येक प्रमेयाला थांब, प्रत्येक अट एकेक करून काढ आणि ती काढल्यावर मोडणारं उदाहरण वहीत लिही. वेगळी वही कर त्यासाठी. माझी ती वही अजून माझ्याकडे आहे आणि पीएचडीत पण उघडतो.

पेपरचं थोडक्यात: तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. ए सेक्शन ३० एमसीक्यू, ५० मार्कांचा, त्यात निगेटिव्ह आहे, एक मार्काला एक-तृतीयांश आणि दोन मार्काला दोन-तृतीयांश. बी सेक्शन १० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकतात, निगेटिव्ह नाही पण अर्धे मार्कही नाहीत, सगळे बरोबर पर्याय निवडले तरच. सी मध्ये २० प्रश्न, आकडा टाइप करायचा, ३० मार्क, निगेटिव्ह नाही. म्हणजे निम्म्या पेपरला निगेटिव्हची भीती नाही, हे डोक्यात ठेव.

खडूफळा

मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवतो, पश्चिम महाराष्ट्रात. वैनतेय यांनी दुखण्यावरच बोट ठेवलंय. मला सरांच्या बाजूने जरा बोलायचंय.

बाळा, तुझ्या सरांना तीन वर्षांचे सगळे पेपर एकट्याने घ्यावे लागत असतील तर जॅमसाठी वेगळा तास ते घेऊच शकत नाहीत, घड्याळातच बसत नाही. पण त्यांच्याकडे 'सर जॅम शिकवा' म्हणून जाऊ नकोस. आठवड्यातून एकदा दोन प्रश्न घेऊन जा, स्वतः जेवढं केलंस ते कागदावर लिहून, आणि कुठे अडलीस तिथे बोट ठेवून विचार. मी खात्रीने सांगतो, असा कागद घेऊन आलेल्या मुलीला कुठलाच गणिताचा शिक्षक परत पाठवत नाही. आम्हालाही असा प्रश्न आला की बरं वाटतं, वर्षानुवर्षं तेच तेच शिकवून आमच्याही डोक्याला गंज चढलेला असतो.

दुसरं, लायब्ररी. कॉलेजला पुस्तक खरेदीचा फंड दरवर्षी येतो आणि बऱ्याचदा शेवटच्या महिन्यात घाईघाईने गाईडं घेऊन संपवतात. सरांकडून लेखी मागणी टाकायला लाव, रिअल अ‍ॅनालिसिसला बार्टल-शेर्बर्ट आणि ग्रुप थिअरीला गॅलियन. ही दोन आली तरी पुष्कळ झालं. लिनिअर अल्जिब्राला तुमचं क्रमिक पुस्तक चालेल, गणितं मात्र जुन्या पेपरमधली करायची.

तिसरं, माधवा मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशन. पुण्याचं एसपी कॉलेज आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून घेतात, बीएस्सीच्या मुलांसाठी, साधारण जानेवारीत असते. बक्षीस मिळो न मिळो, त्याचे जुने पेपर सोडव, प्रश्न सुंदर असतात. आणि खाली कुणी फर्स्ट, सेकंड इयरचं वाचत असेल तर त्यांनी एमटीटीएस बघा. प्राध्यापक कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं उन्हाळी शिबिर आहे, राहण्या-खाण्याची सोय तेच करतात आणि तिथे गणित पाठ करून चालतच नाही, फळ्यासमोर उभं करून 'का' विचारतात. माझ्या दोन विद्यार्थिनी गेल्या होत्या, परत आल्या तेव्हा वर्गात त्याच मला प्रश्न विचारायला लागल्या.

पैनगंगा

वैनतेय दादा, खडूफळा सर, खूप खूप धन्यवाद. ते चार विधानांचं मी आधी स्वतः केलं मग खालचं वाचलं. पहिलं आणि तिसरं आलं, चौथ्याला मी अडखळले कारण असं उलटं विचारतील हे डोक्यातच नव्हतं. आता पहिल्यांदा वाटतंय की काय करायचं ते कळलं.

ग्रुप थिअरीचं कसं करू? ते मला सगळ्यात जड जातं, व्याख्या सगळ्या येतात पण हाताला काहीच लागत नाही.

वैनतेय

हाताला लागत नाही कारण हाताने केलेलं नाही, लाग्रांजचं प्रमेय लिहून सिद्ध करून आपण मोकळे होतो. ग्रुप थिअरीत तू थोडे दिवस प्रमेय बाजूला ठेव आणि फक्त ग्रुप ओळखीचे करून घे. झेड-सिक्स, झेड-ट्वेल्व्ह, क्लाइन फोर, एस-थ्री, एस-फोर, डी-फोर, क्वाटर्निअन. प्रत्येकाचे एलिमेंट लिही, प्रत्येकाची ऑर्डर लिही, सबग्रुप लिही, नॉर्मल कुठले ते लिही. एकेका ग्रुपला वहीचं एक पान. जॅमचे ग्रुपचे प्रश्न बघशील तर बरेचसे याच गावातले असतात.

एक करून दाखवतो. एस-फाइव्हमध्ये, म्हणजे ५ वस्तूंच्या सगळ्या परम्युटेशनच्या ग्रुपमध्ये, ऑर्डर ६ चे एलिमेंट किती? परम्युटेशनची ऑर्डर म्हणजे सुट्या सायकलींच्या लांबीचा लसावि. ५ जागांत लसावि ६ यायला एकच वाट, एक ३ ची सायकल आणि एक २ ची. ३ ची सायकल: ५ मधून ३ निवडायचे १० प्रकारे, त्या तिघांची सायकल २ प्रकारे. उरलेल्या दोघांची अदलाबदल एकाच प्रकारे. १० गुणिले २, उत्तर २०. सी सेक्शनला हा प्रश्न असेल तर २० टाइप करायचं, संपलं. आता पुढचं, ऑर्डर ६ चे सायक्लिक सबग्रुप किती? प्रत्येक अशा सबग्रुपमध्ये ऑर्डर ६ चे जनरेटर दोन, म्हणून १०.

तुला घरचा अभ्यास: हाच प्रश्न एस-सिक्ससाठी. तिथे एक वाट वाढते, बघ कुठली.

काळीमाती

नमस्कार. मी विद्यार्थी नाही, एका मुलीचा बाप आहे, हिंगोली जिल्हा, शेती. मुलगी बीएस्सी सेकंडला आहे आणि तीही हेच म्हणते. मला गणितातलं काही कळत नाही म्हणून सरळ विचारतो, राग मानू नये. एवढं करून पुढे काय? आयआयटीची फी आम्हाला झेपेल का? आणि नाही लागलं तर वर्ष वाया जातं का?

रेवातीर

काका, राग कसला, हे प्रश्न पहिल्यांदा विचारायलाच पाहिजेत. मी जळगाव जिल्ह्यातली, आयआयटीतून एमएस्सी गणित केलं, आता सिनिअर कॉलेजला शिकवते.

फी: प्रत्येक आयआयटीची वेगळी असते पण प्रायव्हेट इंजिनिअरिंगच्या मानाने खूप कमी, होस्टेल कॅम्पसमध्येच असतं आणि मुलींसाठी वेगळं. एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना ट्यूशन फी माफ असते. परीक्षेच्या फॉर्मची फी मुलींना आणि एससी-एसटीला निम्मी आहे.

पुढे काय: नेट-सेट या पात्रता परीक्षा पास करून सिनिअर कॉलेजला शिकवता येतं. सीएसआयआर-नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप मिळते, वर घरभाडं वेगळं. काही मुलं डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे, बँकांकडे जातात. आणि बीएड एमएस्सीनंतरही करता येतं काका, ते दार बंद होत नाही, उलट एमएस्सी बीएडला ज्युनिअर कॉलेजला जागा असते. पैनगंगा, घरी हे सांग.

वर्ष वाया: जॅमचा स्कोअर त्याच वर्षापुरता चालतो हे खरं. पण जॅम ही एकच गाडी नाही. आयआयटी नाही मिळालं तर एनआयटी आहेत, नागपूरच्या व्हीएनआयटीत एमएस्सी आहे आणि तिथला प्रवेश जॅमच्याच स्कोअरवर सीसीएमएन नावाच्या वेगळ्या काउन्सेलिंगमधून होतो. सीयूईटी-पीजी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा वेगळी द्यायची, त्यावर हैदराबादची सेंट्रल युनिव्हर्सिटी मिळू शकते, मराठवाड्याला ती पुण्याइतकीच जवळ. पुणे विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. अभ्यास सगळ्यांचा बराचसा एकच. आणि आपल्या विद्यापीठात एमएस्सी तर आहेच. म्हणून मी तरी म्हणेन की फॉर्म भरू द्या, बीएस्सी करता करताच ही परीक्षा देता येते, त्यासाठी वर्ष सोडायची गरज नाही.

काळीमाती

ताई, फार नीट सांगितलंत. मुलीला वाचायला दिलं. आभारी आहे.

कोकणमेवा

मी रत्नागिरी जिल्ह्यातून केमिस्ट्रीची तयारी करतोय, आमच्यासाठी पण हेच लागू होतं का?

वैनतेय

पेपरचा साचा सगळ्या सात विषयांना तोच आहे. केमिस्ट्रीचं आतलं मला नाही माहीत, तू वेगळा धागा काढ, इथे केमिस्ट्रीवाले आहेत दोघं-तिघं.

झरोका

एका विषयावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, कागदपत्रं. पोरं अभ्यास करून पास होतात आणि इथे अडकतात. मी तहसीलजवळ फॉर्म भरून देण्याचं काम करतो, दरवर्षी हेच बघतो.

ओबीसी असाल तर शाळा-कॉलेजसाठी काढलेलं राज्याचं जातीचं प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेयर तिथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल लागतं, ते वेगळं काढावं लागतं, आणि कुठल्या तारखेनंतरचं हवं ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, जुनं चालत नाही. आपल्याकडचे व्हीजे, एनटी, एसबीसी हे गट केंद्रात वेगळे नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते एनसीबीसीच्या (राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या) साइटवर महाराष्ट्राच्या यादीत बघायचं, असेल तर ओबीसी-एनसीएल मिळतं. राज्याचं एसईबीसी तिथे लागू नाही. ईडब्ल्यूएस पण केंद्राच्या नमुन्यातच. आणि हे सगळं सप्टेंबरात धावपळ करून काढायला जाऊ नका, तेव्हा सेतूवर बाकीच्या अ‍ॅडमिशनवाल्यांची गर्दी असते, आत्ताच अर्ज टाका.

दुसरं नाव. आपल्याकडे दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी. कुठे आईचं नाव घुसलेलं, कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. फॉर्म भरायच्या आधी दहावीची सनद, आधार आणि कॉलेजचं मार्कशीट तिन्ही समोर ठेवून बघा, फरक असेल तर आधार आधी दुरुस्त करा.

रेवातीर

झरोका, शंभर टक्के. आणि निकालानंतरचंही लिहा कुणीतरी. जॅमचा निकाल लागला की अ‍ॅडमिशन आपोआप होत नाही, वेगळा अ‍ॅडमिशन फॉर्म भरावा लागतो, त्यात कुठली आयआयटी आधी कुठली नंतर हा क्रम द्यायचा. माझ्या ओळखीतल्या एका हुशार मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, रँक चांगली होती आणि मुदत निघून गेली. मग यादी लागल्यावर सीट घेऊन थांबायचं, की सीट धरून वरच्यासाठी वाट बघायची, की सोडायचं, हे निवडायचं असतं. 'रिजेक्ट अँड क्विट' दाबलं की तुम्ही पूर्ण बाहेर, ते समजून दाबा. एनआयटीचं रजिस्ट्रेशन वेगळं, आयआयएससी बंगलोरचा अर्ज वेगळा. गावात हे सांगणारं कुणी नसतं, म्हणून साइट दर आठवड्याला स्वतः उघडून बघायची, मेसेज येईल म्हणून बसायचं नाही.

निळाई

इंग्लिशचं कुणी सांगेल का? माझं बारावीपर्यंत सेमी होतं, बीएस्सीचं पुस्तक इंग्लिशच आहे पण सर मराठीत समजावतात, पेपरात फक्त इंग्लिश असेल तर भीती वाटते.

खडूफळा

पेपर फक्त इंग्लिशमध्येच असतो. पण घाबरण्यासारखं इंग्लिश त्यात नसतं, वाक्यं आखूड आणि तीच तीच. ज्यावर अडतं ते इंग्लिश नसून तर्क असतो: 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा आहे' आणि 'असा एक डेल्टा आहे की प्रत्येक एप्सिलॉनसाठी' यातला फरक. तो मराठीत पक्का झाला की इंग्लिशमध्येही दिसतो. मराठीत समजून घेण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त सोडवताना प्रश्न इंग्लिशमधलाच वाचायचा, भाषांतर करून मग सोडवायची सवय लावू नका, वेळ खातं.

मुळामुठा

सगळ्यांचा आदर ठेवून थोडा वेगळा सूर. मी पुण्यात क्लास लावून केलं. सेल्फ स्टडी वगैरे ऐकायला छान आहे पण कॉम्पिटिशन देशभरातली आहे, दिल्लीची मुलं हिंदू कॉलेज, मिरांडा हाउस अशा कॉलेजांतून येतात, त्यांना कॉलेजातच हे सगळं मिळतं. निदान टेस्ट सिरीज तरी घ्या, आपण कुठे आहोत ते कळतं.

वैनतेय

टेस्ट सिरीजला माझा विरोध नाही, परवडत असेल तर डिसेंबरमध्ये एक घ्यावी. पण आत्ता जुलै-ऑगस्टमध्ये नाही. आत्ता घेतली तर मार्क कमी येणार आणि मुलगी खचणार, हातात काही लागणार नाही.

आणि जुने पेपर सगळे जॅमच्या साइटवर फुकट आहेत. त्यात एक गोम आहे, २०१५ पासून आत्ताचा साचा आला, त्याआधीच्या पेपरात लिहायचे प्रश्न असायचे. दोन्ही वापरायचे, पण वेगवेगळ्या कामाला. आधीचे लिहायचे प्रश्न आत्ता सोडव, वेळ न लावता, पूर्ण सिद्धता लिहून, त्याने विचार घट्ट होतो. २०१५ नंतरचे पेपर राखून ठेव, त्यातले शेवटचे चार-पाच तर उघडूच नकोस, ते जानेवारीत घड्याळ लावून. आणि सिलॅबस आत्ताचा डाउनलोड कर, जुन्या पेपरात ग्रीन, स्टोक्स असं व्हेक्टर कॅल्क्युलस दिसेल, ते आता सिलॅबसमध्ये नाही, त्यावर वेळ घालवू नकोस.

घड्याळ लावून सोडवशील तेव्हा मोबाइलवर नको. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, कॅल्क्युलेटर पण स्क्रीनवरचाच माउसने दाबायचा, स्वतःचा नेता येत नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सुट्टीच्या दिवशी बसायची परवानगी माग.

नेट रडतं म्हणालीस त्यावर: एनपीटीईएलची लेक्चर फुकट असतात, आयआयटीच्या प्राध्यापकांचीच. व्हिडिओ पहाटे डाउनलोड करून ठेव, आणि ज्यांचं लिखित ट्रान्सक्रिप्ट आहे ते पीडीएफ घे, ते अगदी छोटं असतं. पण दिवसभर व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नाही. दुसऱ्याला पोहताना बघून कुणी पोहायला शिकत नाही. एक तास बघितलं तर दोन तास वही.

मुळामुठा

मान्य. माझ्याकडे अ‍ॅनालिसिसच्या हाताने काढलेल्या नोट्स आहेत, स्कॅन करून देतो, ज्यांना हव्यात त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रानजाई

मुळामुठा, व्यनि केलाय. एक सुचवू का, आपण जे इथे तयारी करतोय ते सगळे मिळून रविवारी रात्री एक तास टेलिग्रामवर बसलो तर? लेक्चर नको, नेट लागतं. फक्त एक प्रश्न टाकायचा आणि प्रत्येकाने आपलं उत्तर वहीवर लिहून फोटो टाकायचा. फोटोला नेट कमी लागतं. आमच्या बहिणीचं मुख्य दुखणं हेच आहे की तिचं लिहिलेलं बरोबर आहे का ते बघणारंच कुणी नाही.

खडूफळा

फार चांगली कल्पना. वही तपासायला मी आहे. नियम एकच ठेवू, उत्तर नुसतं 'बी आणि डी' असं नको. जो पर्याय खोटा म्हणाल त्याचं उदाहरण द्यायचं आणि जो खरा म्हणाल त्याची दोन ओळी का होईना सिद्धता. त्याशिवाय मी बघणार नाही.

निळाई

मीही येणार.

पैनगंगा

मी पण. आणि वैनतेय दादा, एस-सिक्सचं: नवी वाट म्हणजे ६ ची अख्खी सायकल, ती १२० प्रकारे. आणि ३ अधिक २ ची, आता एक जण मोकळा राहतो, तर ६ मधून ३ निवडायचे २० प्रकारे, गुणिले २, आणि उरलेल्या तिघांतून दोन निवडायचे ३ प्रकारे, म्हणजे तेही १२०. एकूण २४०. सायक्लिक सबग्रुप त्याच्या निम्मे, १२०.

वैनतेय

बरोब्बर. आणि लिहायची पद्धत पण छान. हे सगळं तू स्वतः केलंस, क्लास न लावता, हे लक्षात ठेव.

रेवातीर

पैनगंगा, वेळेचं एक बघ. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा दिवाळीनंतर येईल आणि ती कधी कधी जानेवारीपर्यंत सरकते, तेव्हा जॅमचा अभ्यास पूर्ण बंद पडतो. म्हणून आत्तापासून ऑक्टोबरपर्यंत अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा संपव, ही दोन मोठी आहेत. ग्रुप थिअरी थोडी थोडी रोज. डिफरन्शियल इक्वेशन आणि डबल-ट्रिपल इंटिग्रल यांना नुसता हात बसावा लागतो, ते सेमिस्टरच्या अभ्यासाबरोबर चालेल. जमलं तर मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर पण भर, आपला सकाळी असतो आणि तो दुपारी, दोन्ही देता येतात, त्यातही कॅल्क्युलस आणि मॅट्रिसेस आहेत. पण स्टॅटिस्टिक्स बीएस्सीला घेतलं असेल तरच, नाहीतर एकावरच जोर दे.

झरोका

आणि अजून एक. परीक्षेच्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, महाशिवरात्र आहे. औंढ्याला, परळीला जाणाऱ्यांची गर्दी असते, एसट्या भरून जातात. शहर निवडताना तीन पर्याय देता येतात, जिथे नातेवाईक आहेत असं शहर वर ठेवा आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. सकाळच्या पेपरला पहाटेच्या गाडीवर अवलंबून राहू नका.

पैनगंगा

झरोका काका, हे तर लक्षातच आलं नव्हतं. माझी मावशी नांदेडला असते, यादीत नांदेड असेल तर तेच पहिलं टाकते. ओबीसी-एनसीएलचा अर्ज उद्याच टाकतेय. सरांना पुस्तकांची यादी दिली, मागणी टाकतो म्हणाले, आणि दोन प्रश्नांचा कागद घेऊन गेले होते तर सर चक्क पाऊण तास बसले.

खडूफळा

बघ. या रविवारचा प्रश्न देतो मग. एक सिक्वेन्स आहे, लागोपाठच्या दोन पदांमधला फरक शून्याकडे जातो. ती सिक्वेन्स कॉशी, म्हणजे पुढची सगळी पदं एकमेकांच्या हवी तितकी जवळ, असायलाच पाहिजे का?

रानजाई (बहिणीच्या वतीने)

नाही. वर्गमूळ एन. फरक म्हणजे एक भागिले दोन वर्गमुळांची बेरीज, तो शून्याकडे जातो, पण सिक्वेन्स अनंताकडे जाते.

खडूफळा

शाब्बास. आता सिक्वेन्स बाउंडेडही आहे असं धरा. मग?

निळाई

मग तर कन्व्हर्ज व्हायला पाहिजे ना सर? जायला जागाच नाही.

पैनगंगा

नाही होत गं. साइन ऑफ वर्गमूळ एन घे. उणे एक ते एकच्या मध्येच राहते. फरक मीन व्हॅल्यू थिअरमने वर्गमुळांच्या फरकापेक्षा मोठा नाही, म्हणून शून्याकडे. पण वर्गमूळ एन हळूहळू पुढे सरकत अनंताकडे जातं, त्यामुळे साइन एकच्या जवळ पण पुन्हा पुन्हा येते आणि उणे एकच्या जवळ पण. म्हणजे कन्व्हर्ज नाही. वहीचा फोटो टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकलाय सर, 'पुन्हा पुन्हा जवळ येते' हे नीट कसं लिहायचं तेवढं बघा.

खडूफळा

बघितला. वर्गमूळ एन आणि वर्गमूळ एन अधिक एक यांच्यातलं अंतर एप्सिलॉनपेक्षा लहान होतं त्याच्या पुढचा एन घे, आणि टू-के-पाय अधिक पाय-बाय-टू हा आकडा कुठल्या दोन वर्गमुळांच्या मध्ये पडतो ते लिही. तेवढी एक ओळ घातलीस की सिद्धता पूर्ण. उणे एकसाठी तीच ओळ परत.